वडिलोपार्जित सडा आणि रान राखायचं तर सुरुवात कुठून करायची?

तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. राजापूर तालुक्यात तुमच्या घराण्याची चाळीसेक एकर जमीन आहे. वर कातळाचा सडा, म्हणजे जांभ्या खडकाचं उघडं पठार, खाली उतारावर मालकीचं रान आणि रानाला लागून गावची देवराई. सातबाऱ्यावर अकरा नावं, बहुतेक जण मुंबई-डोंबिवलीत. सड्यासाठी जांभ्याचे चिरे काढणारा चिरेखाणवाला मागे लागलाय, रानासाठी लाकडाचा ठेकेदार. तुम्हाला दोघेही नकोत. त्याऐवजी एका कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) निधीतून सड्यावर हजारो देशी झाडं लावायची, मुलांसाठी निसर्ग शिक्षण केंद्र बांधायचं आणि जमीन कायमची सुरक्षित राहील अशी कायदेशीर सोय करायची, असा बेत आहे. तो बरोबर आहे का, असं विचारलंत.

हेतूबद्दल शंका नाही. पण बेताचा क्रम उलटा आहे, आणि त्यातलं पहिलं काम तर करूच नका. सड्यावर झाडं लावू नका.

चाकरमानी सडा पाहतो तो शिमग्याला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत. तेव्हा तो काळाकुट्ट, तापलेला आणि करपलेल्या गवताचा असतो. गणपतीला येतो तेव्हा सडा ऐन भरात असतो, पण आरत्या, जाखडी आणि पाहुण्यांतून वर जायला सवड कोणाला मिळते? त्यामुळे आपल्याच माणसांच्या डोक्यात सडा म्हणजे उजाड जागा, असं पक्कं बसलेलं आहे. सरकारी कागदही त्यात भर घालतो. सातबाऱ्यावर सड्याचं क्षेत्र बहुधा पोटखराब म्हणून लागलेलं असतं, कारण तिथे पीक येत नाही. पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत उघड्या खडकाळ जागेचा वेगळा वर्गच आहे. कंपनीचे लोक हाच कागद पाहून येतात आणि म्हणतात, इथे काहीच नाही, इथे जंगल करू.

तिथे काय आहे ते जूनपासून बघा. जांभा हा मूळचा काळा पाषाणच. लाखो वर्षांच्या ऊनपावसात त्यातलं विरघळणारं सगळं वाहून गेलं आणि लोह-ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. त्यावर माती कुठे बोटभर, कुठे तीही नाही. चार महिन्यांत तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, खळग्यांत पाणी साचतं, आणि ऑक्टोबर सरेपर्यंत सगळं कोरडं ठणठणीत. एवढ्या अवघड जागेत जगणाऱ्या वनस्पतीही तशाच आहेत. पाण्याच्या कडेला गेंदाचे पांढरे गोंडे. सीतेची आसवं ही इवल्याशा जांभळ्या फुलांची वनस्पती; त्या मातीत नत्र मिळत नाही म्हणून ती जमिनीखालच्या बारीक फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते. दवबिंदू तीच गरज चिकट केसांवर किडे धरून भागवते. दीपकाडी ही पांढऱ्या फुलांची कंदवनस्पती पहिल्या पावसाबरोबर वर येते, आणि कोकणाबाहेर जगात कुठेही नाही. यांतल्या एकीलाही सावली चालत नाही. पाचसहा वर्षांत झाडांची सावली पडली की हे सगळं जातं, आणि जाताना कोणाला कळतही नाही, कारण मोजलेलं कोणीच नसतं.

शिवाय कातळात झाड लावायचं म्हणजे नुसता खड्डा नाही. ब्रेकर लावा, नाहीतर सुरुंग, मग खालून डंपरने माती आणा, मग तीन-चार उन्हाळे टँकरने पाणी घाला. आंबा-काजूच्या कलमांसाठी हे सड्यावर सर्रास झालेलं आहे. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि कोकणातल्या कितीतरी ओसाड म्हटल्या गेलेल्या जमिनी बागेखाली आल्या. लोकांच्या हातात पैसा आला, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण ती बाग होती, तिचं उत्पन्न होतं. तुम्ही तेवढाच कातळ फोडून, तेवढीच माती ओतून, उत्पन्नही न देणारी आणि तिथे कधीच नसलेली झाडं उभी करणार. यात राखलं काय?

पाण्याचंही बघा. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर मुरलेलं पाणी खाली उताराच्या झऱ्यांना आणि वाडीतल्या विहिरींना मिळत राहतं. कातळ फोडून साचण्याच्या जागा मोडल्या, किंवा वरच चिऱ्याची खाण पडली, तर त्याचा परिणाम पहिल्यांदा खालच्या वाडीतल्या बायकांच्या कळशीवर होतो. गावाशी बोलताना दुर्मीळ फुलांपेक्षा हा मुद्दा पुढे ठेवा. तो लगेच पटतो.

आणखी एक. खड्डा सोडाच, साधी गाडी वर नेण्याआधीही सडा पायी पालथा घाला, तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी. राजापूर, लांजा, रत्नागिरी या पट्ट्यात कातळशिल्पं आहेत. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, रुंढे तळी ही नावं तुम्ही ऐकली असतील. २०२२ मध्ये कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली. रेषा मातीने भरलेल्या असल्या तर दुपारच्या उन्हात शेजारी उभं राहूनही दिसत नाहीत. तुमच्या सड्यावर असतीलच असं नाही, पण बघितल्याशिवाय नाही म्हणू नका. गुराख्यांना विचारा. बहुतेक शिल्पं त्यांना आधीपासून ठाऊक असतात, कोणी विचारलेलं नसतं एवढंच. सुटे दगड मात्र उलटू नका, गडग्यासाठी, म्हणजे दगडी कुंपणासाठी, उचलूही नका. त्यांच्याखाली फुरसं असतं, आणि फुरसं नसलं तरी बेडूक, पाली, विंचू असतात. तेच त्यांचं घर.

मग सड्यावर करायचं काय? जवळजवळ काहीच नाही, आणि हे कंपनीला समजावणं फार कठीण जातं. त्यांना रोपांची संख्या हवी असते, कारण ती अहवालात बसते. तुम्ही त्यांना सांगा की पैसे द्यायचेच असतील तर राखणदाराचा पगार, वणवा अडवणारी जाळरेषा आणि मोजणीचा खर्च द्या. बऱ्याच कंपन्या तिथेच मागे फिरतात. फिरू द्या. ज्या थांबतात त्यांच्याशी पुढचं बोलणं सोपं जातं. रोपंच लावायची असतील तर उतारावर जिथे रान फाटलेलं आहे तिथे, तिथल्याच बियांची, थोडी लावा.

कुंपणही नको. साताऱ्याच्या कास पठाराचं उदाहरण समोर आहे. पश्चिम घाटाच्या वारसा स्थळांत कासचा समावेश २०१२ मध्ये झाला, गर्दी वाढली, फुलं तुडवली जाऊ लागली म्हणून पठाराला जाळीचं कुंपण पडलं. मग गुरं आत येईनात, उंच गवत माजलं आणि फुलं कमी झाली अशी तक्रार सुरू झाली, आणि शेवटी ते कुंपण काढलं गेलं. माणसांसाठी घातलेलं कुंपण गुरांना अडवतं, हे आधी सुचायला हवं होतं असं आज म्हणणं सोपं आहे. मुद्दा इतकाच की ही पठारं चरणाऱ्या गुरांसकट घडलेली आहेत. तुमच्या सड्यावर कोणाची गुरं येतात, किती येतात, कुठल्या महिन्यात, हे लिहून काढा. ती बंद करायचा विचारही करू नका. गुरं घेऊन रोज वर जाणारा माणूस हा तुमचा फुकटातला राखणदार आहे. जेसीबी वर चढला तर पहिली बातमी त्याच्याकडूनच मिळणार.

वणव्याचं मात्र मनावर घ्या. सड्यावरच्या वाळक्या गवताला लागलेली आग तिथे फारसं नुकसान न करता पुढे सरकते, पण कडेवरून खाली उतरली की रानाची नवी फूट आणि लोकांच्या काजूच्या बागा जाळते. सडा आणि रान यांच्या सीमेवर जाळरेषा काढायची ती गवत पूर्ण वाळण्याआधी, दिवाळीनंतर लगेच. फेब्रुवारीत काढायला गेलात तर उशीर झालेला असतो. हे काम गावातल्याच माणसांना मजुरी देऊन करून घ्या. ज्यांनी जाळरेषा काढली ते विडी टाकताना दोनदा बघतात.

आता जमिनीच्या कागदाकडे येतो. तुमच्या प्रश्नात याला शेवटची जागा आहे, माझ्या मते ती पहिली हवी. ‘जमीन आमची आहे’ असं तुम्ही लिहिलंत. कोणाची? प्रत्येक गटाचा सातबारा आणि त्याचे जुने फेरफार काढा. अकरांपैकी किती हयात आहेत? ज्यांचं निधन झालं त्यांच्या वारसनोंदी झाल्यात का? झाल्या तर अकराचे पंचवीस होतील, बहिणींची नावं येतील, आणि यायलाच हवीत. इतर हक्कात कुळाचं नाव आहे का? खाजगी वन असा शेरा आहे का? १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यामुळे कोकणात कितीतरी मालकी रानांवर हा शेरा आहे. तो असेल तर तुमचा सगळा बेत वेगळ्या वाटेने न्यावा लागेल, आणि वकिलाला दाखवल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका. नंतर मोजणी. हद्दीचे दगड जागेवर नसतील तर चिरेखाण शेजारच्या गटात मंजूर होते आणि खणते तुमच्यात.

सामाईक जमिनीत कोणताही हिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा इतरांना न विचारता विकू शकतो. तुम्ही दहा जणांनी सडा राखायची शपथ घेतलीत आणि अकराव्याला मुलीच्या लग्नासाठी पैसे लागले, की खाणवाला तुमचा भागीदार झाला. म्हणून मी नेहमी सांगतो की निसर्गाचा आराखडा करण्याआधी घराण्याची बैठक घ्या. बैठकीत दोन गोष्टी निघाव्यात. सडा आणि रानाचा आतला भाग ज्यांना राखायचा आहे त्यांच्या वाट्याला येईल अशी वाटणी होऊ शकते का, आणि ज्यांना उत्पन्न हवं आहे त्यांना घराजवळची, रस्त्यालगतची, कलमांची जमीन देता येते का. असं वाटणीपत्र नोंदवता आलं तर निम्मं काम झालं. सगळ्यांनी सगळं सामाईक ठेवायचं ही भावना गोड आहे, पण तिच्यावर विसंबू नका.

अमेरिकेत मालक आपल्या जमिनीवर कायमचं बंधन घालून घेऊ शकतो, जमीन विकली तरी ते बंधन नव्या मालकावर राहतं. तुम्ही ते वाचलेलं दिसतं. आपल्याकडे तशी सरळ सोय नाही. ट्रस्ट काढून जमीन त्याच्या नावावर करू म्हणाल तर शेतजमीन बिगरशेतकऱ्याला, म्हणजे संस्थेलाही, सहज घेता येत नाही. १९४८ चा कुळवहिवाट कायदा आडवा येतो, परवानगी लागते. कोणाला कराराने राखायला द्यावी म्हटलं तर घरातली वडीलधारी मंडळी ‘कुळ लागेल’ म्हणून हादरतात. ती भीती अनाठायी नाही, घराघरांत त्याच्या आठवणी आहेत. त्यावर उपाय एकच, राखणदार हा पगारी नोकर आहे, वहिवाटदार नाही, हे कागदावर स्पष्ट असावं, पगाराच्या पावत्या असाव्यात आणि पीकपाहणीत भलतं नाव लागू देऊ नये.

सरकारी संरक्षणाच्या वाटाही आहेत. वन्यजीव कायद्याच्या कलम ३६-सी खाली मालक किंवा गाव स्वतःहून पुढे आलं तर सामुदायिक राखीव क्षेत्र होऊ शकतं. जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली जैवविविधता वारसा स्थळ जाहीर होतं. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे गावची रानजायफळाची दलदल असंच वारसा स्थळ झाली. जेमतेम अडीच हेक्टर जागा, पण गावाने ती देवराई म्हणून आधीच राखली होती. शिक्का नंतर आला. तुमच्या बाबतीतही हाच क्रम ठेवा. आधीपासून राखलेल्या जागेला शिक्का मिळाला तर तिला बळ येतं. कोणी राखतच नसलेल्या जागेला तो मिळाला तर एक फलक वाढतो, एवढंच. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असेलच. ती शोधून काढा, लोक जैवविविधता नोंदवहीत सड्याचा नीट उल्लेख आहे का पाहा. बहुतेक ठिकाणी ती वही एकाच बैठकीत भरलेली असते.

रानाबद्दल माझं मत अनेकांना रुचत नाही. ‘एकही झाड तोडणार नाही’ अशी प्रतिज्ञा करू नका. कोकणातलं मालकी रान पिढ्यान्‌पिढ्या तोडलं गेलंय आणि फुटव्यातून परत आलंय. ऐन, किंजळ बुंध्यापासून फुटतात. बिघडलं ते यांत्रिक करवत आल्यावर. ठेकेदार रान उक्तं घेतो, आठवड्याभरात सरसकट साफ करतो आणि पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठचं जुनं झाडही सोडत नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात आंबा, फणस, ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ यांसारखी झाडं अनुसूचित आहेत, मालकीची असली तरी परवानगी लागते. पण परवानगीचा कागद आणि करवतीचं पातं यांचा वेग सारखा नसतो. तुम्ही रानाचे दोन भाग करा. पऱ्याच्या दोन्ही काठांची पट्टी, देवराईला लागलेला भाग आणि जिथे जुने मोठे वृक्ष आहेत तो भाग कायमचा अस्पर्श. उरलेल्यातून वाडीला सुकं जळण, गवत, रातांबे, जांभळं नेऊ द्या, आणि घराण्याला गरज पडली तर टप्प्याटप्प्याने थोडी तोड करा. गावाचा पाय रानातून पूर्ण काढून घेतलात तर ठेकेदार आला त्या दिवशी गावातून कोणी फोन करणार नाही.

जुने बेहडे असतील तर ते जपा. त्यांच्या ढोलीत धनेश घरटी करतात. संगमेश्वर भागात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशनने मालकांशी रान न तोडण्याचे करार केले आहेत, आणि बेहडा-हिरड्याची फळं शास्त्रीय पद्धतीने गोळा करून चांगल्या दरात विकण्याचं कामही केलं आहे. असं काही तुमच्याकडे जमेल का ते जाऊन बघा. हिस्सेदारांना उभ्या झाडाचे थोडे तरी पैसे दिसले की बैठकीतला सूर बदलतो.

देवराईबद्दल थोडक्यात, कारण ती तुमची नाही. ती गावाची, खरं तर देवाची आहे. सातबाऱ्यावर काही ठिकाणी देवस्थान लागतं, काही ठिकाणी महाराष्ट्र शासन. त्यामुळे तुमच्या प्रकल्पाच्या नकाशात ती रंगवू नका. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास सुरू केला तेव्हापासून त्यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि प्रत्येक देवराईचे नियम वेगळे असतात हे तेव्हापासून स्पष्ट आहे. कुठे पडलेली काडीही नेत नाहीत, कुठे गावच्या कामाला लाकूड चालतं, पण कौल लावून. मानकरी आणि गुरव यांना भेटून विचारा, सुचवू नका. आज देवरायांना कुऱ्हाडीपेक्षा जीर्णोद्धाराचा धोका जास्त आहे. मुंबईकर मंडळींच्या वर्गणीतून सभामंडप, फरशी, पेव्हर ब्लॉक, गाड्या लावायला जागा, आणि मग ‘आडवी येणारी’ झाडं. तुमची नात्यातली माणसं त्या वर्गणीत असणारच. तिथे बोला.

यावरूनच शिक्षणाकडे येतो. निसर्ग शिक्षण केंद्राची इमारत नको. इमारत म्हटलं की रस्ता आला, वीज आली, पाणी आलं, आणि ज्या जागेबद्दल शिकवायचं तिचाच एक तुकडा गेला. सावलीला मांगर, म्हणजे शेतातली झोपडी, असेल तर तो पुरे. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की शिकवायचं कोणाला? आपण सवयीने शाळकरी मुलांकडे वळतो. मुलं आनंदाने शिकतात, पण सड्याचा निर्णय ती घेत नाहीत. निर्णय घेतात डोंबिवलीतले हिस्सेदार, गावच्या मुंबई मंडळाचे पदाधिकारी, ग्रामपंचायत, आणि विश्वास ठेवा, जेसीबीचा चालक. रस्त्याचं काम निघालं की माती कुठे ढकलायची, वळण कुठून घ्यायचं, हे जागेवर तोच ठरवतो. त्याच्याबरोबर एक संध्याकाळ सड्यावर घालवा, शिल्प आणि पाण्याच्या जागा दाखवा. शाळेतल्या वर्षभराच्या तासांपेक्षा त्याचा उपयोग कदाचित जास्त होईल. मुंबई मंडळाच्या वार्षिक सभेत अर्धा तास मागून घ्या आणि ऑगस्टमधला सडा दाखवा. अनेकांनी तो आयुष्यात पाहिलेला नसतो.

मोठ्यांच्या शिक्षणाचा उत्तम नमुना गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचा आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना माहीत असते, २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला हेही. पण त्यामागे वर्षानुवर्षं चाललेला अभ्यासगट होता. गावकरी आणि बाहेरचे मित्र एकत्र बसून एकेक विषय समजून घेत, तिथे निर्णय होत नसे. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. शिकण्याची बैठक आणि ठरवण्याची बैठक वेगळी ठेवायची, ही मला त्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते. माणसाला आपलं मत राखायचं नसलं की तो ऐकतो. तुमच्या घराण्यातही हेच करून बघा. पहिल्या बैठकीत फक्त सातबारे वाचा, दुसऱ्या वेळी सडा फिरा, वाटणीचा विषय तिसऱ्या वेळी.

तरीही शाळा सोडू नका. गावच्या जिल्हा परिषद शाळेचा पट कमी असेल, तर शेजारच्या गावच्या हायस्कूललाही जोडून घ्या. मुलांना माहितीपत्रकं वाटू नका, काम द्या. वाडीतल्या दोन-तीन विहिरींत पाणी किती खोल आहे ते दर पंधरवड्याला दोरीने मोजून लिहायचं. सड्यावर पहिलं पाणी कधी साचलं, दीपकाडी कधी फुलली, गेंद कधी सुकला, यांची तारीख लिहायची. गणपतीला घराघरांत कुठली रानफुलं, पानं, फळं आली आणि ती कुठून आणली याची यादी करायची. गौरीचा तेरडा आहेच, आणि तुमच्या दक्षिणेला सिंधुदुर्ग-गोव्यात माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीला, बांधायला जेवढं रान घरात येतं तेवढं कुठल्याच पाठ्यपुस्तकात येत नाही. आजीला विचारून भरलेली ही यादी म्हणजे गावाची खरी नोंदवही. वही शाळेच्या नावाने ठेवा, गुरुजींच्या नाही, कारण गुरुजींची बदली होते. पाच वर्षांच्या नोंदी जमल्या की खाणीच्या सुनावणीत विहिरींच्या पाण्याबद्दल बोलायला तुमच्या हातात काहीतरी असेल. तोवर फक्त ‘आम्हाला वाटतं’ एवढंच असतं.

फुलं बघायला लोक आणायचे का? पहिली काही वर्षं नको. जागेचे फोटो टाकताना नेमकं ठिकाण देऊ नका. पुढे गावाला वाटलं तर मंडणगडच्या वेळासकडे बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे कासवांच्या अंड्यांचं संरक्षण गावकऱ्यांना घेऊन सुरू केलं, आणि पाहुणे घराघरांत राहू-जेवू लागले. पैसा रिसॉर्टमध्ये न जाता चुलीपाशी गेला, म्हणून वाळूवरच्या घरट्यांना गावच राखणदार झालं. सड्याची फुलं मात्र पायाखाली जातात, समुद्रकाठापेक्षा ही जागा नाजूक आहे. थोडी माणसं, गावातला वाटाड्या, ठरलेली पायवाट, एवढ्यावरच थांबा.

राहिला चिरेखाणवाला. त्याचा आकडा भावंडांपासून लपवून ठेवू नका. नंतर कळलं की संशय येतो आणि मग राखण्याची भाषाही डावपेच वाटू लागते. तो आकडा बैठकीत सरळ मांडा, वारसनोंदीनंतर जितके हिस्से होतील तितक्यांनी भागा, आणि खाण किती वर्षं चालेल व मागे किती खोल खड्डा राहील हेही त्याच कागदावर लिहा. एकेकाच्या वाट्याची रक्कम पाहून काही जण आपणहून गप्प होतील. एक-दोघांना ती रक्कम खरोखरच हवी असेल, आणि त्यांची गरज खोटी नसेल. त्यांचा हिस्सा घरातल्या घरात विकत घ्यायची तयारी कोणाची आहे, हे त्याच बैठकीत विचारा, आणि सुरुवात स्वतःपासून करा.